बूट काढण्यापासून सुरुवात

“टेक अ बाथ,” काका म्हणाले आणि अर्धं भजं तोंडात टाकलं.

“फारे इल बान्यो.”

“म्हणजे?”

“म्हणजे ते लोक आंघोळ घेत नाहीत. आंघोळ करतात. आपल्यासारखीच.”

“रोज करतात का, ते मात्र इचारू नको,” काका म्हणाले, आणि टपरीवाल्यासकट आम्ही तिघं हसलो.

अजिंठ्याला लेण्यांच्या पायऱ्या सुरू होतात ना, तिथल्या चहाच्या टपरीवर सकाळी आमची शाळा भरायची. विद्यार्थिनी मी एकटी. विशाखा जमधडे, बी.ए. झालेली, औरंगाबादहून पहिली एस.टी. पकडून येणारी, आणि गाइड व्हायचं म्हणून घरच्यांच्या डोक्याला ताप झालेली. मास्तर दत्तात्रय सुरडकर. राहणार फर्दापूरचे, लेणीत इटालियन बोलणारे तेवढेच एक गाइड. मी त्यांना काका म्हणायची, पण पाहुण्यांसमोर सर. कारण ‘काका’ म्हटलं की इटालियन माणसाच्या कानाला भलतंच ऐकू येतं. लहान मूल पोटात कळ आल्यावर आईला जे सांगतं ना, ते. पहिल्याच दिवशी मी बसभर इटालियन पाहुण्यांसमोर “काका, काका” असं ओरडत धावत गेले होते. त्या दिवसाबद्दल याहून जास्त मला विचारू नका.

शाळेत विषय एकच होता, टेक. इंग्रजीतलं हे एवढंसं क्रियापद. काकांना एका पाहुण्यानं बसमध्ये विसरलेली इंग्रजी-इटालियन डिक्शनरी सापडली होती. ती चाळताना त्यांच्या लक्षात आलं की सगळ्यात जास्त जागा या टेकनं अडवलीय. पानंच्या पानं. तेव्हा त्यांनी ठरवलं, हा एक गडी आडवा केला की भाषा आली.

“इंग्रज लोकांचं टेक म्हणजे घरातली एकच पळी,” ते मला म्हणायचे. “वरणात तीच, भातात तीच, खिरीत बी तीच. इटालियनवाल्यांकडं दर भांड्याला येगळी. फोटो टेक, तर ते फोटो करतात. कॉफी टेक, तर घेतात. थ्री अवर्स टेक, तर त्यांना तीन तास हवे असतात. अन् बूट टेक ऑफ, तर काढतात. तोल्येरे. तिथून सुरुवात करायची.”

बूट काढण्यापासून सुरुवात का, तर काकांची स्वतःची सुरुवात तिथून झाली होती. मिसरूड फुटायच्या आधीपासून ते पहिल्या लेणीच्या दाराशी बसून पाहुण्यांचे जोडे सांभाळायचे. चित्रांच्या लेणीत अनवाणीच जावं लागतं. एकदा एक इटालियन पाद्री आला होता, त्यानं या पोराकडून एक वाक्य घोकून घेतलं. सी तोल्गा ले स्कार्पे, पेर फावोरे. कृपा करून बूट काढा. काकांचं ते पहिलं इटालियन. पुढं एकेक वाक्य जमवत ते दारातून आत आले आणि गाइड झाले.

मीही त्यांच्याच वाटेनं चालले होते. फरक एवढाच की मला मराठीत सुचायचं, त्याचं मी मनात इंग्रजी करायची, आणि त्या इंग्रजीचं इटालियन. एवढा वळसा घालून वाक्य तोंडात येईपर्यंत पाहुणे पुढच्या खांबापाशी पोचलेले असायचे.

“टेक अ‍ॅन एक्झाम,” काका म्हणाले.

“प्रेंदेरे उन एझामे,” मी मुद्दाम चुकीचं सांगितलं. इटालियन लोक परीक्षा घेत नाहीत, देतात. दारे. हे काकांचं लाडकं उदाहरण होतं. मी चुकले की ते हातातला ग्लास खाली ठेवून, “बघा, बी.ए. झालीय आमची पोरगी,” म्हणून अख्ख्या टपरीला सांगायचे.

काका चहाच्या ग्लासाकडे बघत बसले. ग्लास डाव्या हातात होता, हेही मला दिसलं. पण मला वाटलं, आज त्यांचं लक्ष ठिकाणावर नाही, आणि त्याला कारणही तसंच होतं.

मुंबईच्या ज्या कंपनीतर्फे इटालियन मंडळी यायची, त्या कंपनीचे परचुरे आज स्वतः येणार होते. मुंबईत इटालियन शिकलेला, पदवीवाला एक मुलगा त्यांना मिळाला होता. सुरडकरांचं वय झालं, त्यांचं इटालियन तुटक आहे, अशी कुजबुज आमच्यापर्यंत आली होती. आज परचुरे मागे उभे राहून बघणार, आणि पुढच्या हंगामाचं ठरवणार.

काकांनी इस्त्रीचा कोट घातला होता. डिसेंबर असला तरी अजिंठ्याच्या दरीत दुपारी कोट अंगावर ठेववत नाही. तरीही घातला होता.

“मला काढायचं तर काढा म्हणावं,” ते एकदम म्हणाले. “म्हातारं माणूस काय, घरी बसंल. पण लोकांपुढं नको. जसा वर चढलो तसा ताठ खाली उतरलो पाहिजे आज. एवढंच आहे बघ माझं, विशाखे.”

“असं काय बोलताय? आज तर तुमच्या सिन्योरा येणार आहेत.”

सिन्योरा बेर्तोल्दी म्हणजे व्हेरोनाकडच्या एका शाळेतल्या चित्रकलेच्या बाई. उंच, पिकलेल्या केसांच्या, पायात कायम पुरुषी दिसणारे तपकिरी बूट. दर हिवाळ्यात आपल्या गावची नवी मंडळी गोळा करून त्या अजिंठ्याला यायच्या आणि सुरडकरांशिवाय दुसरा गाइड चालणार नाही असं कंपनीला बजावायच्या. त्यांचं नाव काढल्यावर काकांचा चेहरा जरा उजळला. उठताना मात्र त्यांनी टपरीच्या बांबूचा आधार घेतला.

बस आली. सिन्योरा सगळ्यांत आधी उतरल्या आणि दोन्ही हात पसरून “सिन्योर सुरडकर!” असं ओरडल्या. त्यांच्या तोंडी ‘ड’ला ‘द’ व्हायचा, त्यामुळे ते ‘सुरदकर’ व्हायचं. काकांनी हात जोडले, हसले. सिन्योरांच्या मागून परचुरे उतरले, पांढरा शर्ट, गॉगल, मवाळ आवाज.

“सुरडकर, तुम्ही तुमचं नेहमीसारखं चालू द्या,” ते म्हणाले. “मी आहेच असं समजू नका.”

आता माणूस समोर उभा असताना तो नाहीच असं कसं समजायचं, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

पायऱ्या चढताना काका गप्प होते. एरवी ते पायऱ्यांवरच अर्धी मंडळी खिशात घालायचे. मी त्यांच्या उजव्या बाजूनं चालत होते आणि पाहुण्यांना “सावकाश, सावकाश” म्हणत होते. पहिल्या लेणीच्या दाराशी सगळ्यांनी आपोआप बूट काढले, सिन्योरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. आम्ही आत शिरलो.

आत शिरल्यावर काकांचा एक नेम होता. कुणी काही बोलायचं नाही. डोळ्यांना अंधाराची ओळख होईपर्यंत सगळ्यांनी नुसतं उभं राहायचं. मग काका दोन बोटं वर करायचे आणि लाइटवाले गफूरभाई दिवा लावून चित्रावर धरायचे. त्या दिवशी तसंच झालं. काकांनी बोटं वर केली. डाव्या हाताची. दिवा लागला, भिंतीवरचा पद्मपाणी उजळला, मंडळींच्या तोंडून “आऽऽ” असा आवाज निघाला.

काकांनी तोंड उघडलं. आणि मिटलं. पुन्हा उघडलं.

“ह्याचे डोळे बघा,” ते म्हणाले. मराठीत.

मला वाटलं, गफूरभाईंना सांगतायत, दिवा डोळ्यांवर धरा म्हणून. गफूरभाईंनाही तेच वाटलं असणार, त्यांनी दिवा जरा वर नेला. पण काका पाहुण्यांकडे बघून बोलत होते. “डोक्यावर एवढा मोठा मुकुट, राजा माणूस. अन् बघू राहिला खाली.” मग त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला असावा. ते थांबले. माझ्याकडे वळले. त्या माणसाच्या डोळ्यांत मी तोवर कधी भीती पाहिली नव्हती.

“विशाखे,” ते अगदी हळू म्हणाले, “येत नाहीये गं.”

“काय येत नाहीये?”

“काहीच. पाटी पुसल्यासारखं झालंय. टेक बी गेलं. सगळं गेलं.”

“काका, चला, आपण दवाखान्यात—”

“गप! मराठी येतंय न मला? पाय चालू राहिलेत न?” त्यांनी माझं मनगट धरलं. “हितून मला धरून नेऊ नको पोरी. ह्या लोकांपुढून नको.”

नंतर औरंगाबादच्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूत बारीकशी गुठळी झाली होती. असं होतं म्हणे कधीकधी, आईची भाषा राहते आणि मागाहून आलेली पुसली जाते. वेळेवर आणलंत म्हणाले, आणि मला रागावलेही, वेळेवर म्हणजे अजून आधी आणायला हवं होतं म्हणून. पण तेव्हा यातलं मला काय ठाऊक? मला फक्त एवढं कळत होतं की अंधारात पंचवीसेक माणसं वाट बघतायत, मागे परचुऱ्यांनी गॉगल काढून हातात घेतलाय, आणि काकांनी माझं मनगट सोडलेलं नाही.

“काय झालं?” परचुरे पुढे आले. “सुरडकर मराठीत का बोलतायत?”

मी खोटं बोलताना अडखळते, हे आमच्या घरी सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी अडखळले नाही.

“माझी परीक्षा आहे सर,” मी म्हटलं. “आज सर मराठीत सांगणार आणि मी इटालियनमध्ये. सिन्योरांच्या ग्रुपपुढं परीक्षा द्यायची असं ठरलं होतं आमचं.”

“मला कुणी कळवलं नाही.”

“आपण नाहीच असं समजा म्हणाला होतात ना सर.”

ते माझ्याकडे बघत राहिले. पण पाहुण्यांसमोर तमाशा नको म्हणून असेल, मागे सरकले. मी काकांकडे वळले. “हं सर, सांगा. खाली बघतोय, मग?”

काकांनी एक श्वास घेतला.

“खाली का बघू राहिला? तर खाली आपण उभे आहोत. सुटायची वाट त्याला सापडलीय. दार उघडं आहे. पण तो जाईना. ही सगळी मंडळी आत आल्याबिगर मी कसा जाऊ, म्हणतो. म्हणून चेहरा असा. दुःखी न्हाई तो. थांबलाय.”

आता ऐका. इतकी वर्षं काका या चित्रासमोर इटालियनमध्ये काय सांगायचे, ते मला पाठ होतं. बोधिसत्त्व. निळं कमळ. फार सुंदर. फार दुःखी. फोटो नाही. बस्स. तेवढ्या शब्दांत बसेल तेवढंच सांगायचे. आणि आत्ता हे काय ऐकत होते मी?

मी तोंड उघडलं आणि नेहमीसारखी इंग्रजीकडे धावले. ‘थांबलाय’ला इंग्रजीत काय म्हणू? ही इज वेटिंग? स्टॉप्ड? स्टेइंग बॅक? टेकचं काही आहे का यात? सगळे माझ्याकडे बघत होते. सिन्योरा बेर्तोल्दींनी मान जराशी कलती केली. काका पुढचं वाक्य बोलायलाही लागले होते, त्यांना काय, त्यांना आता आवरच नव्हता. इंग्रजीच्या घरावरून जायला वेळच नव्हता. मी सरळ उडी मारली.

कसं बोलले ते मला आजही सांगता येणार नाही. व्याकरणाचे बारा वाजले असतील. पण काका मराठीत म्हणत होते आणि माझ्या तोंडून इटालियन निघत होतं, मध्ये काहीच नव्हतं. काकांनी बोट केलं की मी बोट करत होते. ते थांबले की मी थांबत होते. गर्भगृहातल्या बुद्धावर गफूरभाईंनी दिवा आधी डावीकडून धरला, मग उजवीकडून, मग समोरून, आणि तोच चेहरा एकदा हसरा, एकदा गंभीर, एकदा ध्यानात गेलेला दिसला. हा खेळ तर सगळेच गाइड दाखवतात. पण काका म्हणाले, “आपल्या आईचा चेहरा बी असाच असतो. आपण कोणत्या बाजूनं घरात शिरलो त्याच्यावर आहे.” मी ते सांगितलं, आणि मागे उभा असलेला एक जाडगेला इटालियन गृहस्थ मोठ्यानं हसला आणि लगेच नाक ओढायला लागला.

बाहेर आल्यावर परचुरे म्हणाले, “ठीक चाललंय. पण वेळ दुप्पट लागतोय.”

“ची वुओले तेंपो,” मी म्हटलं. वेळ हवाच असतो. परचुऱ्यांना इटालियन येत नव्हतं, ते बरंच होतं.

खरी पंचाईत सतराव्या लेणीत आली. तिथं भिक्षापात्र घेतलेला भव्य बुद्ध आहे, आणि त्याच्यासमोर आई आणि मूल, अगदी एवढीएवढीशी. आम्ही तिथं पोचलो आणि सिन्योरा थेट काकांकडेच गेल्या. इटालियनमध्ये विचारलं, “सिन्योर सुरडकर, गेल्या वर्षी तुम्ही म्हणाला होतात या आईबद्दल पुढच्या खेपेला काहीतरी सांगेन. काय होतं ते?”

काका हसले. तेच हसू, जे आपण समोरच्याचं काहीच न कळल्यावर हसतो. सिन्योरांनी पुन्हा विचारलं, हळूहळू. काकांचं हसू तसंच राहिलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि सिन्योरांनी ते बघणं बघितलं.

संपलं, मला वाटलं. परचुरे दोन पावलांवर होते. त्यांना इटालियन कळत नसलं तरी डोळे होते ना! प्रश्न विचारलाय, उत्तर येत नाहीये, एवढं बघायला भाषा कशाला लागते?

सिन्योरा काही क्षण काकांकडे बघत राहिल्या. त्यांच्या उजव्या हाताकडे पाहिलं, तो कोटाच्या खिशात होता. मग त्या आपल्या मंडळींकडे वळल्या आणि मोठ्या, खणखणीत आवाजात काहीतरी बोलल्या. शाळेतल्या बाईच त्या.

“काय म्हणतायत?” परचुऱ्यांनी मला विचारलं.

“म्हणतायत की… यांनी आपल्या स्वतःच्या भाषेत सांगावं म्हणून मी किती वर्षं मागे लागले होते. आज त्यांनी ऐकलं. ही माझ्यासाठी भेट आहे. तेव्हा सगळ्यांनी नीट ऐका.”

“अच्छा,” परचुरे म्हणाले. “हे त्यांचंच सजेशन होतं तर.”

आयुष्यात कधी असली विनंती त्या बाईंनी केली नव्हती. काका नंतर शपथेवर म्हणाले, कधीच नाही. त्यांनी तिथंच उभ्या उभ्या, चेहऱ्यावरची रेषही न हलवता, धडधडीत थाप मारली होती. आणि मग काकांसमोर शाळकरी मुलीसारख्या हात बांधून उभ्या राहिल्या.

“सर,” मी म्हटलं, “आईबद्दल विचारतायत. सांगा.”

काकांनी गफूरभाईंना खूण केली. दिवा खाली आला, त्या एवढ्याशा बाईवर थांबला.

“ही यशोधरा,” काका म्हणाले. “नवरा घर सोडून गेलेला. कैक वर्षांनी दारात आलाय, त्ये बी भिक्षा मागायला. आता काय बोलावं बाईनं? बोलायला पुष्कळ आहे. पण ती एक शब्द बोलत न्हाई. पोराला पुढं करते. जा, बापाकडं माग काय मागायचं ते. तिचा हात बघा पोराच्या पाठीवर. ढकलू बी राहिली, अन् धरून बी ठेवू राहिली. एकाच हातानं.”

आमच्या घरी भिंतीवर बुद्ध होता. सकाळ-संध्याकाळ वंदना व्हायची, माझं नावसुद्धा बुद्धाच्या विशाखा उपासिकेचं. पण यशोधरेच्या हाताबद्दल मला कुणी सांगितलं नव्हतं. हे मी इटालियनमध्ये सांगितलं खरं, पण माझा आवाज मध्येच फुटला, आणि मला त्याची लाज वाटली नाही. सिन्योरा रडत होत्या. पुसत नव्हत्या, नुसत्या रडत होत्या.

“इतकी वर्षं,” त्या मला म्हणाल्या, “इतकी वर्षं हा माणूस मला म्हणायचा, आई, मुलगा, बुद्ध, फार सुंदर. आणि हे सगळं त्याच्याजवळ होतं?”

“हो,” मी म्हटलं. मला तरी कुठं माहीत होतं?

काकांनी शेवटपर्यंत सांगितलं. सव्विसाव्या लेणीत आडव्या झालेल्या बुद्धाच्या पायाशी उभं राहून सांगितलं, की खाली बसलेली माणसं रडतायत आणि वर देव वाद्यं वाजवतायत, आणि दोघांचंही बरोबरच आहे. मग आम्ही खाली उतरलो. मी त्यांच्या उजव्या बाजूला, अगदी चिकटून. लांबून कुणाला वाटलं असतं, म्हाताऱ्याच्या मागे लागून पोरगी काहीतरी विचारतेय. त्यांचा सगळा भार माझ्या खांद्यावर होता. पण कोट ताठ होता आणि मान ताठ होती. ते पायऱ्या उतरले, धरून आणल्यासारखे नाही, गाइडसारखे.

खाली परचुऱ्यांनी मला बाजूला घेतलं. “मिस जमधडे, मी काही या विषयातला तज्ज्ञ नाही. पण हे लोक मी युरोपातल्या चर्चमध्ये पाहिलेत, तिथं ते घड्याळ बघत असतात. आज कुणी बघितलं नाही.” त्यांनी गॉगल चढवला. “पुढच्या हंगामाला तुम्ही दोघंही या. मुंबईच्या मुलाला मी आग्र्याला पाठवतो.”

हे मी काकांना सांगायला वळले, तर मंडळी जळगावच्या गाडीसाठी निघायच्या घाईत होती आणि सिन्योरा काकांसमोर निरोपाला उभ्या होत्या. गफूरभाई जीप आणायला गेले होते, मला काकांना तडक औरंगाबादला न्यायचं होतं. बसच्या ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

सिन्योरा म्हणाल्या, “पुढच्या हिवाळ्यात भेटू, सिन्योर सुरडकर.” मी मराठी करायला तोंड उघडलं. पण काकांनी मला डाव्या हातानं थांबवलं. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, ओठ हलायला लागले. कुठंतरी आत, तळाशी हात घालून ते काहीतरी शोधत होते. मला ते बघवेना. राहू द्या ना काका, मी मनात म्हणत होते.

मग त्यांचा चेहरा एकदम फुलला. सापडलं होतं. त्यांनी जमतील तसे हात जोडले आणि स्वच्छ, एकही अक्षर न चुकता म्हणाले:

“सी तोल्गा ले स्कार्पे, पेर फावोरे.”

कृपा करून बूट काढा.

बसच्या खिडकीतून बघणाऱ्यांत कुणीतरी फिस्सकन हसलं. मी सारवासारव करायला पुढे झाले, “सिन्योरा, त्यांना म्हणायचंय की—” सिन्योरांनी माझ्याकडे न बघताच बोट वर केलं. गप्प.

मग त्या तिथंच, बसस्टँडच्या त्या मातीत, खाली वाकल्या. आधी एका बुटाची नाडी सोडली, मग दुसऱ्या. दोन्ही बूट काढले, मोजेही काढले. पांढऱ्याफटक, म्हाताऱ्या पायांनी तापलेल्या मातीत उभ्या राहिल्या, आणि काकांना खाली वाकून नमस्कार केला, आम्ही लेणीत शिरताना करतो तसा. खिडकीतलं हसू थांबलं.

आणि काकांनी काय केलं असेल? वाकले. उजवा हात उठत नव्हता, म्हणून डाव्या हातानं त्यांनी ते तपकिरी बूट उचलले, एकमेकांशेजारी नीट लावले, टोकं बाहेरच्या बाजूला, परत निघताना माणसाला पाय घालायला सोपं जावं म्हणून. पोरवयात पहिल्या लेणीच्या दाराशी लावायचे, तसेच.

बस गेली. आम्ही दोघं जीपची वाट बघत टपरीच्या बाकावर बसलो. काका दमले होते, पण खूश होते.

“विशाखे,” ते म्हणाले, “शेवटाला आलं बघ मला. बोललो न मी इटालियन?”

“बोललात काका.”

“काय बोललो? मला म्हणायचं होतं, पुढच्या साली या, वाट बघतो. तसंच बोललो न?”

“तसंच बोललात.”

“नीट?”

“एकदम नीट.”

त्यांनी समाधानानं मान हलवली. मग जरा वेळानं विचारलं, “मग तिनं बूट काहून काढले?”

मी त्यांचा उजवा हात माझ्या मांडीवर घेतला. तो गार पडला होता.

“तुमच्या पाया पडायचं होतं काका, त्यांना.”

“येडी बाई,” काका म्हणाले, आणि बस गेली त्या रस्त्याकडे कितीतरी वेळ बघत राहिले.